पांढरी पाटी

परतूर,
८ मार्च २००९

रजनी,

तुझं पुस्तकं वाचायचं यंत्र पोचलं. आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. या घरात ते तुझ्यासाठी कुणाकडे किती शिल्लक आहेत याचा मला अंदाज नाही, आणि घरात नसलेली वस्तू टपालाने पाठवायची मला सवय नाही.

तुझे ते ओळखीचे गृहस्थ अमेरिकेहून येऊन शहागडला सासुरवाडीला उतरले होते. मी वाचनालयातून रजा टाकून गेले आणि हायवेवरच्या एका हॉटेलात त्यांच्याकडून खोकं घेतलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही रजनीच्या कोण?" मी म्हटलं, "मी परतूरच्या वाचनालयात असते." त्यात खोटं काही नव्हतं.

आई गेली तेव्हा तुला एक कार्ड टाकलं होतं, त्यानंतर थेट या जानेवारीतलं पत्र. बाबांच्या डोळ्यांचं तुला कळवलं ते कळवायचं म्हणून, मदत मागायला नव्हे. जालन्याच्या डॉक्टरांचं म्हणणं तेच आहे. दोन्ही पडद्यांचा मधला भाग झिजत चाललाय, त्यावर औषध नाही. मोठी अक्षरं दिवाळीपर्यंत दिसतील, पुढचं ते सांगत नाहीत. ज्या माणसाने पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाची कपाटं दोनदा वाचून काढली, तो सकाळी भिंग घेऊन पेपरचा मथळा एकेक अक्षर जुळवत बसतो. ते बघवत नाही. नाहीतर तुझं खोकं मी आणायला गेले नसते.

ते तुझ्याकडून आलंय हे त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. तू गेलीस त्या दिवशी परसातल्या हौदावर बसून त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी तुझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसासाठी करतात तशी. पाणी मी काढून दिलं. ओलेत्यानंच ते आईला आणि मला म्हणाले, "आजपासून तिचं नाव माझ्या जिभेवर येणार न्हाई. तुमच्याबी येऊ द्यायचं न्हाई." तेरा वर्षांत आलेलं नाही. आई शेवटचे दोन दिवस नुसती "धाकटी, धाकटी" करत होती. बाबा उठून ओट्यावर जायचे.

तेव्हा मी सांगितलं की वाचनालयाला सरकारी योजना आलीय, डोळे अधू झालेल्या जुन्या सभासदांना हे यंत्र वापरायला द्यायचं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, भिंगातून निरखलं, आणि म्हणाले, "पांढरी पाटीच आहे की ही." तेव्हापासून आमच्या घरात ती पाटीच.

पण तुझ्या पाटीला मराठी येत नाही. तू पाठवलेलं पहिलं पुस्तक उघडलं तर पानभर नुसते चौकोन, ओळीनं मांडलेले. बद्रीनाथकडे नेली. स्टेशनरोडला ज्याचा टायपिंगचा क्लास होता तो, आता त्याने चार संगणक टाकलेत. तो म्हणाला, "ताई, हा इंग्रजी साहेब दिसून राह्यला. ह्याला आपली बाराखडीच ठाऊक न्हाई." तेव्हा यावर उपाय काय तो तू शोध. तोवर बाबा त्यात आधीपासून असलेलं इंग्रजी पुस्तक वाचतायत, यंत्र कसं वापरावं ते. मोठ्या अक्षरांत दिसतं म्हणून खूश आहेत.

एक राहिलं. पाटी सुरू केली की वर डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत बारीक तुझं नाव येतं. बद्रीनाथ म्हणतो ते तुझ्या खात्यावरून येतं, इथून निघणार नाही. राहू दे. ज्यांना मथळा दिसत नाही त्यांना ते काय दिसणार.

पत्रं वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठव. घरी फोन करायचा नाही, तो बाबांच्या उशाशी असतो.

ताई

*

परतूर,
१९ एप्रिल २००९

रजनी,

तुझी युक्ती चालली. प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याचे चार तुकडे करायचे आणि ते चित्रांसारखे लावायचे, हे मला सुचलं नसतं. अक्षर बोटाच्या पेरापेक्षा मोठं दिसतं. एका पुस्तकाला तुला किती रात्री लागल्या ते विचारत नाही. तू सांगितलंस तर मला उपकार मानावे लागतील.

बद्रीनाथच्या ईमेलवर तुझी फाइल येते. तो ती उतरवून घेतो, मग पाटीला वायर जोडून आत टाकतो. याला तो "चढवणं" म्हणतो, मालट्रक भरावा तसं. वीज असली तर दहा मिनिटांचं काम, पण वीज कधी असते ते इथे कुणालाच माहीत नाही. चार्जरच्या चपट्या पिना इथल्या भोकात बसत नव्हत्या, त्याला एक डोकं आणलं. भारनियमन चुकवून पाटी मी वाचनालयातच चार्ज करते.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर उजेडाकडे खुर्ची टाकली. बाबांनी पाटी मांडीवर घेतली आणि पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या. त्यांच्या तोंडून सलग वाक्य मी वर्षभर ऐकलं नव्हतं. मग ते थांबले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि पुढचं मनात वाचू लागले. मला स्वयंपाकघरात जावं लागलं. तुला हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

संध्याकाळी मला म्हणतात, "शरयू, तुमच्या वाचनालयाला माझी आवड बराबर कळती बरं का. शिकारीचं पुस्तक पहिलं धाडलं." मी म्हटलं, सभासदाची जुनी नोंद असते ना. "हां, नोंद असल." मला आतून हसू येत होतं. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस इतक्या सहज फसतो.

एक्केचाळिसाव्या पानावर तुझा अंगठा आलाय. पुस्तक दाबून धरताना आला असणार. बाबांना काही कळलं नाही. पण त्या पानावर फार वेळ रेंगाळले. मी विचारलं तर म्हणाले, "सरकारी काम, असंच असतं." पुढच्या वेळी कडा नीट कापत जा.

तू अप्पारावबद्दल दोन ओळी लिहिल्यास. मी काही विचारलं नव्हतं. आपल्याच ओट्यावर बसून बाबांकडून फुकट इंग्रजी शिकलेला, शाळेच्या शिपाईणीचा मुलगा. सोनूबाई घंटा द्यायची आणि तिचा मुलगा आपल्या घरात घुसायचा, असं बाबा त्या दिवशी म्हणाले होते. ते बोलणं वाईट होतं. पण मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलणार नाही.

प्रवासवर्णनं पाठव. कविता नकोत, त्यांना ओळी तुटल्या की राग येतो.

ताई

*

परतूर,
२८ जून २००९

रजनी,

या वेळी पुस्तकाबरोबर आणखी एक फाइल आली. नाव "बाबांसाठी". बद्रीनाथला चहा आणायला पाठवलं आणि मी ती संगणकावर उघडून वाचली. न वाचता चढवायला मी काही हमाल नाही.

तू चांगलं लिहिलंयस. लग्न केलं त्याची माफी मागणार नाहीस, न सांगता गेलीस त्याची मागतेस, हे मला पटलं. मुलाला बाबांचंच नाव दिलंस, जगन्नाथ, हे तू मला इतक्या वर्षांत कळवलं नाहीस. शेवटी तू लिहितेस, "बाबा, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, पण वाचलं एवढं मला कळू द्या." तेही ठीक.

पण मधे तू काय लिहिलंयस? "ताईला बोल लावू नका. तिनंच मला पहाटे स्टेशनवर सोडलं, डबा करून दिला, गाडी हलेपर्यंत उभी राहिली." तुला वाटलं असेल ताईचं कौतुक केलं. अगं, तेरा वर्षं मी त्या माणसाच्या ताटात भाकरी वाढते आहे ती याच एका गोष्टीवर पांघरूण घालून. त्या दिवशी मी स्टेशनवरून परत आले आणि त्यांच्याबरोबर तुला गावभर शोधत फिरले. बसस्टँडवर विचारलं, विहिरीत डोकावले. आणि मग हौदावर पाणी काढून दिलं. हे त्यांना आता कळलं तर आंघोळीला हौद तोच आहे.

आणि तुला माहीत असो नसो, जाफराबादचं स्थळ ठरलं होतं माझं. साखरपुड्याचा दिवस काढायचा राहिला होता. तू गेलीस आणि पंधरा दिवसांत त्यांचा निरोप आला की मुलाला इतक्यात करायचं नाही. तुला डबा करून देताना मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरी दिला. ते मी कधी काढलं नाही, आज काढते, कारण तू चार ओळींत सगळं गोड करून टाकलंस.

ते पान काढून फाइल परत पाठव. मग बघू.

बाबा बरे आहेत. तिसरं पुस्तक संपत आलंय. परवा विचारत होते, "तुमच्या वाचनालयात कुणी आजारी पडलंय का? धा-बारा दिवस झाले, नवीन काही आलं न्हाई." मी म्हटलं, सरकारी काम.

ताई

*

परतूर,
२ ऑगस्ट २००९

रजनी,

पान काढून तू फाइल लगेच पाठवलीस. इतक्या जल्दी पाठवशील असं वाटलं नव्हतं.

चढवली. बाबांनी गुरुवारी वाचली. सकाळी दहाच्या सुमाराला, ओट्यावर. पूर्ण वाचली. काही बोलले नाहीत. पाटी बाजूला ठेवली, पाणी मागितलं. दुपारी वरणभात आणि शेपूची भाजी होती, ती जेवले. नेहमीपेक्षा अर्धी पोळी कमी खाल्ली असेल. मी विचारलं नाही आणि तूही आता विचारू नकोस. वाचलं एवढं कळावं असं तू म्हणाली होतीस, ते कळवलं.

पुस्तकं पाठवायची की नाही ते तू ठरव. पण ते वाट बघतात.

ताई

*

परतूर,
४ ऑक्टोबर २००९

रजनी,

तू पुस्तकं बंद केली नाहीस. मला वाटलं होतं करशील. दोन्ही पोचली, चढवली.

पण आता पानाचे चार तुकडे पुरत नाहीत. सरळ बघितलं की मधे काळा डाग येतो म्हणतात, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे पाटी तिरकी धरतात आणि मान वाकडी करून, कोंबडं बघतं तसं बघतात. मी हसले तर तेही हसले. एक ओळ वाचायला मिनिट लागतं. परवा पाटी मांडीवर ठेवून म्हणाले, "वाचनालयाला म्हणावं, दुसऱ्यांची पुस्तकं पुष्कळ झाली." मी समजले की आता दमले. तेव्हा तूही दमछाक करून घेऊ नकोस.

वाचत नसले तरी पाटी सोडत नाहीत. खालच्या त्या बारक्या किल्ल्या उगाच दाबत बसतात. मी एकदा म्हटलं, बाबा, बिघडेल ते, सरकारी आहे. तर म्हणाले, "बिघडू दे. मी भरून देतो." हट्टीपणा वयाबरोबर वाढलाय.

तू दिवाळीला मुलाला घेऊन येते म्हणतेस. येऊ नकोस. हे मी शांतपणे लिहिते आहे. त्यांनी तुझं पत्र वाचलं आणि त्यावर चकार शब्द काढला नाही, त्याचा अर्थ तुला कळायला हवा. नऊ वर्षांच्या मुलाला इतक्या लांब आणून ओट्याखाली उभं करायचं, आणि वरून कुणी "ये" म्हणायचं नाही, हे तुला चालेल का? मला चालणार नाही. तो मुलगा आयुष्यभर लक्षात ठेवील.

पुढच्या वर्षी बघू.

ताई

*

परतूर,
१५ नोव्हेंबर २००९

रजनी,

फोनवर सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. ताप तीन दिवस होता, छातीत कफ झाला. जालन्याला न्यायला गाडी सांगितली होती. ती दारात आली तेव्हा ते गेले होते. सोमवारी, दुपारी दोनला.

अग्नी मीच दिला. भटजी कुरकुरले, मग गप्प झाले.

तू फोनवर विचारलंस, "शेवटी माझं काही?" मी नाही म्हटलं. ते खरं आहे. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

तू रडत होतीस आणि मला रडू येत नव्हतं. त्यामुळे मी फोन ठेवला.

ताई

*

परतूर,
१३ डिसेंबर २००९

रजनी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन चुलीत गेली. हे पुरं होईपर्यंत उठणार नाही असं ठरवून बसले आहे.

बाबांनी तुझं पत्र वाचलं नाही. मी ते चढवलंच नव्हतं.

तू पान काढून पाठवलंस तेव्हा माझ्याकडे काही कारण उरलं नाही. मी बद्रीनाथच्या दुकानात गेले. त्याने विचारलं, "ही बी चढवू का?" आणि मी म्हटलं, "राहू दे, ती माझी आहे." तो गुरुवार, वरणभात, अर्धी पोळी, सगळं मी इथे टेबलाशी बसून रचलं. लिहिताना शेपूची भाजी कशाला घातली ते आठवत नाही. खरं वाटावं म्हणून असेल.

का केलं ते सांगते. तू म्हणशील भीती. भीती होतीच, पण ते पान निघाल्यावर भीतीला जागा कुठे होती? खरं हे आहे, की ते तुला माफ करतील याची मला खात्री होती. तुझी चार पानं वाचतील, टोपी काढून ठेवतील आणि सगळं मिटेल. तू लांब बसून पुस्तकांचे फोटो पाठवायचेस आणि त्यांच्या तोंडावर जो उजेड यायचा तो मी तेरा वर्षांत एकदाही आणू शकले नाही. मला तो उजेड पुरता तुला द्यायचा नव्हता. सवडीने देऊ असं म्हणत राहिले. आज नको, पितृपक्ष झाल्यावर, दिवाळी झाल्यावर. तोवर त्यांचे डोळे गेले. मग मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता चढवूनही उपयोग नव्हता. असं वाटलं होतं मला. लिहून ठेवते.

इथपर्यंत पहिल्या दोन्ही पत्रांत होतं. पुढचं लिहिता आलं नाही म्हणून ती जाळली.

गेल्या मंगळवारी पाटी घेऊन मी बद्रीनाथकडे गेले. पुसून, रिकामी करून तुला परत पाठवायची होती. त्याने वायर जोडली आणि म्हणाला, "ताई, ह्याच्यात पुस्तकांबिगर आणखी एक फाइल हाय. मास्तरांनी काही लिहून ठेवलंय का?" मी म्हटलं, ते कुठलं लिहितात, उगाच किल्ल्या दाबायचे. त्याने उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी. प्रत्येक टिपणाच्या वर तारीख, वेळ आणि पुस्तकाचं नाव, यंत्रानेच घातलेलं. बद्रीनाथ मोठ्यानं वाचायला लागला आणि तिसऱ्या ओळीला थांबला. खुर्ची माझ्याकडे सरकवून तो बाहेर जाऊन उभा राहिला. बाबांचा विद्यार्थी आहे तोही.

सगळी टिपणं छापून सोबत ठेवली आहेत. त्रेसष्ट आहेत. काही इथे उतरवते, कारण मला ती माझ्या हाताने लिहायची आहेत.

पहिलं त्या इंग्रजी पुस्तकातलं, यंत्र कसं वापरावं त्यातलं. तारीख अकरा मार्च. "रजनी. वर कोपऱ्यात तुझं नाव आहे. भिंगाने दिसलं. शरयू म्हणते वाचनालयाचं. म्हणू दे."

दुसरं त्याच दिवशी. "तुझं नाव जिभेवर घेणार नाही असं म्हणालो होतो. शब्द मोडणार नाही. बोटाचं काही ठरलं नव्हतं."

तिसरं. "या पुस्तकात लिहिलं आहे की इथे केलेली टिपणं बिनतारी कंपनीकडे जातात आणि मालकाच्या खात्यावर जमा होतात. मालक तू आहेस. म्हणजे तुला दिसत असतील. उत्तराची घाई नाही."

बद्रीनाथला विचारलं. तो म्हणाला, "ते अमेरिकेत, ताई. हितं त्याला रेंजच न्हाई. ह्यातलं एक अक्षर बाहेर गेलेलं न्हाई."

म्हणजे ते आठ महिने तुला लिहीत होते आणि त्यांना वाटत होतं की तुला पोचतंय. तू लिहिलंस आणि तुला वाटलं त्यांना पोचलं. मधे मी होते, पाटी पदराखाली धरून स्टेशनरोडने जात येत.

एप्रिल, शिकारीचं पुस्तक. "पान ४१. तुझा अंगठा आला आहे. मोठा करून पाहिला. विळीने कापलं होतं तो व्रण अजून आहे. सात वर्षांची होतीस. मीच पट्टी बांधली होती."

मे. "या पानाच्या कडेला टेबल दिसतं. त्यावर कप आहे. चहा निवला असेल."

जुलैत एक लांब आहे, एवढी अक्षरं त्यांनी कशी शोधली असतील कोण जाणे. "अप्पाराव बरा आहे का. त्याचं इंग्रजी चांगलं होतं. माझ्या हाताखालचा सर्वांत हुशार मुलगा. मी त्याच्या आईबद्दल जे बोललो ते ओट्यावर उभं राहून बोललो, चारचौघांत. ते परत घ्यायचं तर चारचौघांतच घ्यायला हवं. तेवढी हिंमत माझ्यात नाही. तुला लिहून ठेवतो."

आता तीस जुलै. तोच गुरुवार, ज्या दिवशी त्यांनी तुझं पत्र वाचलं असं मी तुला कळवलं. वेळ सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. वेळ मी रचली होती ती बरोबर निघाली, ते ओट्यावरच होते. "रजनी, दुसऱ्यांची पुस्तकं पुष्कळ झाली. तुझं काही पाठव. चार ओळी चालतील. डोळे आहेत तोवर."

हे वाक्य ते मलाही म्हणाले होते. वाचनालयाला म्हणावं, असं. मी ते तुला दमले म्हणून कळवलं. आता त्यांची सगळी बोलणी आठवतात. योजना, जुनी नोंद, सरकारी काम. मला वाटायचं मी त्यांना फसवते आहे. ते माझ्याकडून तुला निरोप पाठवत होते. त्यांच्या शब्दाला धक्का न लावता जेवढं बोलता येईल तेवढं ते बोलले, आणि मी ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन हसले.

सप्टेंबरमधलं एक माझ्याबद्दल आहे. "शरयूने तुला स्टेशनवर सोडलं हे मला सोनूबाईने त्याच आठवड्यात शाळेत सांगितलं. मी शरयूला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाही जावं लागलं असतं. मग मला कोण होतं. जाफराबादच्या लोकांनी नको म्हटलं तेव्हाही मी पुन्हा खेटा घातला नाही. घालायला हवा होता. तिला हे सांगू नको."

हे तीनदा वाचलं. ज्यासाठी मी तुझं पान काढायला लावलं ते त्यांना तेरा वर्षं माहीत होतं. आणि माझं लग्न मोडलं ते फक्त तुझ्यामुळे नव्हे. मला कुणावर चिडायचं ते आता कळत नाही. ज्यांच्यावर चिडावं ते नाहीत, आणि जी उरली आहे तिला मी लुबाडलं आहे.

शेवटचं पाच नोव्हेंबरचं, ताप यायच्या आदल्या दिवशीचं. त्याला काही अर्थच लागेना. मला वाटलं, खरंच उगाच किल्ल्या दाबल्या असतील. बद्रीनाथ माझ्या खांद्यावरून बघत होता. तीस वर्षं टायपिंग शिकवलेला माणूस. म्हणाला, "ताई, त्यांना दिसत नव्हतं. बोटं एक घर उजवीकडं सरकलीत. सगळी अक्षरं एकेक घर डावीकडं घ्या." त्याने कागद घेतला आणि एकेक अक्षर खाली उतरवलं. "रजनी तुझं काही आलं का. मला आता दिसत नाही. शरयू वाचून दाखवील."

शरयू वाचून दाखवील. तेवढंच.

तुझी फाइल बद्रीनाथच्या संगणकावर होती. मी त्याला चढवायला सांगितली. घरी आणली आणि ओट्यावर, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. रस्त्याने माणसं जात होती, दोघं-तिघं थांबली. काढलेलं पानही मला पाठ आहे, तेही म्हटलं. तुझं नाव शेवटी येतं, ते मी घेतलं. चार महिन्यांपूर्वी हेच करायला अर्धा तास लागला असता.

पाटी तुला पाठवते आहे. रिकामी केलेली नाही. चार्ज करून बघ, पहिल्या पुस्तकापासून सगळी टिपणं त्या त्या पानावर आहेत.

माफी मागत नाही. लग्न केलंस त्याची तूही मागितली नव्हतीस, आणि तुझं जाणं माझ्या या कामापुढे काहीच नव्हतं. तू माझ्या नावानं आंघोळ केलीस तर ती बरोबरच असेल, मी कुणाला बोल लावणार नाही. फक्त आधी ही त्रेसष्ट टिपणं वाचून काढ. आंघोळ मग कर.

शरयू